उंबऱ्यापर्यंतची झाडलोट

फोन आला तेव्हा मी जळगावला भाच्याच्या घरी होतो. पलीकडून कॉलेजातली रूपाली बोलत होती. "आबा, लवकर या. अक्का…" माझ्या तोंडून जे पहिलं निघालं तेच लिहितो, सजवून लिहिण्यात अर्थ नाही. मी विचारलं, "काय फुटलं?" ती म्हणाली, "कायच नही फुटनं, आबा. अक्का गॅसजवळ बसेल व्हती, बसल्या बसल्या आडवी झाली." पाळधी गेलं, एरंडोल गेलं, पारोळा गेलं, आणि धुळ्यापर्यंत एसटीत माझ्या डोळ्यासमोर माझ्या बायकोचा, विमलचा चेहरा नव्हता, आमच्या मागच्या खोलीचं कुलूप होतं. दवाखान्यात सांगितलं, हृदय थांबलं. मी डॉक्टरला पुन्हा पुन्हा विचारलं, कसला वास आला होता का, कसला धूर… सवाष्ण गेली, भाग्याची, असं बायका म्हणाल्या. मला त्यात भाग्य काही दिसलं नाही.

आता काही आठवडे झाले. मी सातवीपर्यंत शिकलेला माणूस, जन्मभर ट्रक चालवला, मालाच्या बिल्टीवर सही करण्यापलीकडं लिहिलं नाही. पण तिच्याविषयी लोक भलतंच बोलतात, 'रॉकेटवाली अक्का' म्हणतात आणि हसतात, म्हणून लिहायला बसलो.

माझा स्वभाव संशयी, हे गल्लीला ठाऊक आहे. तो मला रस्त्यानं दिला. रावेरची केळी, खान्देशचा कापूस, दिल्लीपर्यंत नेला. एकदा नाक्यावर माझ्या गाडीत कापसाच्या गाठींखाली भलताच माल निघाला. मला माहीत नव्हतं, पण चौकीत बसलो मीच. तेव्हापासून माल डोळ्यानं पाहिल्याशिवाय मी ताडपत्री बांधली नाही. विमल म्हणायची, "तुमी तं देवघरमा निवद बी उघाडी दखतस." पाहतो. पाहिलेलं बरं.

असल्या माणसाच्या घरात ती पोरं आली. धुळ्यात देवपुरातल्या आमच्या घरामागं एक खोली आहे, पूर्वी ट्रकचे पार्ट ठेवायचो. इंजिनिअरिंग कॉलेजची पोरं विद्यार्थ्यांच्या स्पर्धेसाठी रॉकेट बनवत होती, माणसाच्या उंचीपेक्षा जरा मोठं. कॉलेजच्या वर्कशॉपचं छत दुरुस्तीला काढलेलं, म्हणून त्यांना जागा हवी होती. त्यांची पुढारी रूपाली, साक्रीकडची, बोलायला तिखट. विमलनं माझ्याकडं न बघताच हो म्हटलं. मला वाटलं, दिवाळीच्या बाणासारखं काहीतरी असेल. मग एक दिवस त्यांचे देवरे सर एक लहानसं खोकं घेऊन आले, खोलीच्या दाराला नवं कुलूप लागलं, दारावर चार नावांचा कागद चिकटला, आणि किल्ली विमलच्या कमरेच्या छल्ल्यात गेली. माझ्याच घरातली खोली, आणि तिच्यावरच्या कागदात माझं नाव नाही.

मी सरांना गाठलंच. "खोक्यात काय आहे?" सर म्हणाले, "आबा, रॉकेट आभाळात कुठं आहे, किती कललं आहे, हे सांगणारी डबी आहे. परदेशातून आली आहे." मी म्हटलं, "मग एवढं लपवायचं काय?" त्यांनी शांतपणे सांगितलं, ते मी माझ्या भाषेत लिहितो. जी डबी पोरांच्या रॉकेटाला वाट दाखवते, तीच लढाईतल्या क्षेपणास्त्रालाही दाखवू शकते. म्हणून ज्या देशानं ती दिली त्यानं लिहून घेतलं आहे, की कोण वापरणार, कुठं ठेवणार, कशासाठी. दुसऱ्याला द्यायची नाही, तिचे नकाशे बाहेर पाठवायचे नाहीत. आपल्या सरकारचेही असेच नियम आहेत. आणि ज्याचं नाव कागदात नाही अशा परदेशी माणसाला नुसती उघडून दाखवली, तरी ती त्याच्या देशाला पाठवली असंच धरतात. एकदा शब्द मोडला, तर कॉलेजला पुन्हा काही मिळणार नाही आणि पोरांच्या नावावर डाग बसेल तो वेगळाच.

मला पटलं नाही. पाठवली नाही आणि पाठवली असं कसं? पण विमल मान हलवत होती. तिला पटलं होतं, की पटल्यासारखं दाखवत होती, ते मला कळलं नाही. तिचं मला पुष्कळ काही कळायचं नाही.

या नियमाचा काटा रुतला तो बराकाच्या पायात. बराका टांझानियाचा, त्याच कॉलेजात शिकायला आलेला, उंच, हसरा पोरगा. गल्लीनं त्याचं बरकत केलं. रॉकेटाचे पंख त्यानंच कापले होते, आमच्या अंगणात बसून, कानशीनं घासून घासून. विमलच्या हातची ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि वांग्याचं भरीत खाऊन खाऊन तो अहिराणी बोलायला लागला होता. दारात पाय ठेवायचा आणि म्हणायचा, "अक्का, भूक लागनी वं." आणि आता त्याच पोराला त्या खोलीत जायला बंदी. सरांनी त्याच्या नावाची परवानगी मागितली होती, पण ती यायला वेळ लागणार होता. बाकीची पोरं आत, बराका बाहेर ओट्यावर. मी विमलला म्हटलं, "ही शिवाशिवच झाली. आमच्या लहानपणी पाणवठ्यावर असंच होतं." ती म्हणाली, "त्यामा आनि ह्यामा फरक शे. ह्याना कागद येवाव शे." मी म्हटलं, "आणि नाही आला तर?" ती उठून आत गेली.

मला बराकाचा संशय होता, हे मी लपवत नाही. परका पोरगा, आपल्या भाषेत बोलतो, सगळ्यांशी गोड… गोड बोलणारा माणूस मला रस्त्यावर कधी फुकट भेटला नाही. पण खरा गोड बोलणारा आला तो दुसराच.

पोरं परीक्षेला गेली होती. पांढऱ्या शर्टातला एक माणूस दारात आला, नरडाण्याला कारखाना आहे म्हणाला. पोरांना मदत करायची आहे म्हणे. अहिराणी अशी अस्सल, की मी लगेच पलंगावर बसवलं. मग आपल्याकडं जे होतं तेच झालं. तुम्ही कोणत्या गावचे, तुमचा मामा कोण, तुमची आत्या कुठं दिली… चहा येईपर्यंत तो माझ्या मावशीच्या सासरकडून सोयरा निघाला. जन्मभर माल उघडून पाहणारा मी, पण सोयरा निघाला की आपल्या खान्देशात माणसाची ताडपत्री कोण सोडून बघतो? तो म्हणाला, "आबा, ती डबी दोन दिवस न्यायची होती. आमच्याकडं तपासून देतो. नाहीतर नुसता फोटो काढू द्या." मी विमलला हाक मारली. "दखाड ना खोली, घरनाच माणूस शे."

ती पदराला हात पुसत आली. त्याला विचारलं, "कोणले पाहिजे? कथा जाई? परत कव्हय येई?" कोणाला हवी, कुठं जाणार, परत कधी येणार, एवढंच. तो हसून म्हणाला, "अक्का, मी सोयरा शे." ती म्हणाली, "सोयरा शे तं जेवाडसू. खोली नही दखाडाव." आणि खरंच जेवायला वाढलं. जाताना त्यानं परत विषय काढला, की आलो तसा रिकाम्या हातानं जाऊ का. आमच्या घरातून कोणी रिकाम्या हातानं जात नाही, हा विमलच्या माहेरचा रिवाज. तिनं ज्वारीच्या पापडांची, बिबड्यांची चळत कागदात बांधली आणि त्याच्या हातात दिली. "हाई लई जा. तळीसन खा." तो ते पुडकं धरून उभा होता, त्याचं तोंड मला अजून दिसतं.

संध्याकाळी रूपालीला सांगितलं तर ती पांढरी पडली. त्यानं दिलेला नंबर लागला नाही. सरांनी जिथं कळवायचं तिथं कळवलं. मी स्वतः नरडाण्याला जाऊन आलो. त्या नावाचा कारखाना तिथं कोणाला माहीत नव्हता. मावशीच्या सासरीही कोणी त्याला ओळखेना.

मग माझ्या डोक्यात किडा वळवळला. डबी आमच्या घरी आहे हे त्याला कळलं कसं? दुसऱ्या दिवशी पोरं जेवायला बसली होती, बराकाही होता. मी सरळ विचारलं, "बरकत, त्या माणसाले तू धाडं व्हतं का?" त्यानं हातातला घास ताटात ठेवला, हात धुतले आणि चपला घालून गेला. रूपाली माझ्याकडं बघेना. विमल एवढंच म्हणाली, "इचारणं चूक नही. ताटवर इचारणं चूक शे."

बराका यायचा बंद झाला. विमल डबा घेऊन त्याच्या होस्टेलवर गेली, पायी, गुडघे दुखत असताना. तिथं काय बोलली ते मला घरी आल्यावर सांगितलं नाही. रूपालीकडून कळलं. ती म्हणाली होती, "कागद येऊ दे. तुनं दार मीच उघाडसू."

कागद वेळेवर आला नाही, की ती कागदासाठी थांबली नाही, काय म्हणावं… तेरावं झाल्यावर सर आले. बराकाच्या नावाची परवानगी आली होती. मी विचारलं, "खरी आहे कशावरून?" त्यांनी फोनवर दाखवली. मला इंग्रजी येत नाही. मी म्हटलं, ज्यांनी दिली त्यांना माझ्यासमोर विचारा. सर चिडले नाहीत. त्यांनी फोन लावला, स्पीकरवर ठेवला, पलीकडच्या बाईनं मराठीतून हो म्हटलं. तेव्हा मी भिंतीवरचा छल्ला काढला.

बराका अंगणात उभा होता, ओट्यापाशी, जिथं महिनोन्‌महिने बसला तिथंच. मी किल्ली पुढं केली. त्यानं हात मागं घेतला. "नही आबा. अक्का उघाडनार व्हती. तुमी उघाडा."

कुलूप कडक होतं. मी म्हटलं, विमलला कसं उघडायचं हे? रूपाली हळूच म्हणाली, "आबा, कुलूप रोज आमीच उघाडूत. अक्का नुसती किल्ली दे आनि मागं सरके. ती कधीच आत गई नही." मी तिच्याकडं बघितलं. म्हणाली, "कागदावर तिनं नाव नव्हतं ना. आत आमी झाडूत. अक्का उंबऱ्यापर्यंत झाडे, आनि मागं फिरे."

मी इतके महिने धरून चाललो होतो, की तिनं सगळं पाहिलं आहे आणि माझ्यापासून लपवते आहे. तिच्यावर रुसून मी दोन घास कमी खाल्ले होते. आणि तिनं डबी पाहिलीच नव्हती. जे पाहिलं नाही त्याची राखण करत होती… मला हे अजून नीट समजत नाही. असं कोणी का करावं?

मी कुलूप काढलं, कडी सरकवली. बराका वाकून आत गेला, त्याची उंची त्या दाराला जास्त होती. पोरांचा आवाज आला, मग कोणीतरी रडल्यासारखं. दार अर्धं उघडं होतं. एक पाऊल टाकलं असतं तर दिसलं असतं. मी खाली बघितलं. उंबऱ्याच्या अलीकडं शेणा-मातीचं अंगण अजून चोपून गुळगुळीत होतं, आणि उंबऱ्याला लागून धुळीची बारीक रेघ. तिचा झाडू तिथून वळायचा.

बराकावरचा संशय गेला का, असं रूपालीनं परवा विचारलं. मी म्हटलं, सगळा नाही. त्या पांढऱ्या शर्टवाल्याला कोणी सांगितलं, ते अजून कळलेलं नाही. पण बराका रोज जेवायला येतो, आणि ताटावर मी काही विचारत नाही. किल्ली मागायला कोणीही आलं तर मात्र विचारतो, कोणले पाहिजे, कथा जाई, परत कव्हय येई. पोरं म्हणतात, आबा, अक्का बी ह्याच क्रमानं इचारे.

सकाळी छल्ला कमरेला खोचतो, चालताना वाजतो. झाडू घेतो. अंगण झाडत झाडत त्या दारापर्यंत जातो, आणि रेघ आली की मागं फिरतो.