बहिणीनं परत धाडलेल्या विटा

राणीसावरगावच्या शाळेत शिकवणाऱ्या राजेश्रीनं घर बांधायला काढलं, तेव्हा तिचा थोरला भाऊ भागवत न विचारताच विटांची ट्रॉली तिच्या जागेवर रिकामी करून गेला. गावाबाहेर त्याची वीटभट्टी होती. राजेश्रीनं भाड्याचा ट्रॅक्टर बोलावला आणि सगळ्या विटा भट्टीवर परत पाठवल्या. तिथून दोघांचं बिनसलं.

तिला भाजक्या विटा नकोच होत्या. विटा भाजायला कोळसा जळतो, सिमेंट करायलाही भट्ट्या पेटतात आणि तो सगळा कार्बन हवेत जातो. आपल्या घरापुरता तरी तो कमी करायचा, हे तिचं ठरलं होतं. मुरमाच्या मातीत थोडंसंच सिमेंट कालवून, यंत्रात दाबून तिनं जागेवरच विटा पाडून घेतल्या आणि पक्क्या व्हायला ओल्या पोत्यांखाली ठेवल्या.

भागवतला यात फक्त आपला अपमान दिसला. भट्टीवाल्याच्या सख्ख्या बहिणीलाच त्याच्या विटा चालत नाहीत, असं गिऱ्हाइकं तोंडावर बोलू लागली. पावसाळ्यात हे घर बसणार, असं तो पारावर सांगत सुटला. गावातल्या गवंड्यांना त्यानं दम भरला, म्हणून राजेश्रीनं पूर्णेहून सिताराम गवंडी आणला.

मग एका दुपारी, ती शाळेत असताना, भागवतनं त्या ओल्या विटांवरून ट्रॅक्टर फिरवला. कळताच ती तशीच भट्टीवर गेली.

"दादा, टॅक्टर तूच घातलास ना?"

"घातला. तुह्यामुळं लोक मला हसायलेत."

"मग आजपासून मी तुही बहीण न्हाई. चालले मी पोलिसात."

ती खरंच गेली. भागवतला ठाण्यात बोलावून समज दिली गेली. तक्रार मागं घे म्हणून आई नर्मदाबाईनं परोपरीनं विनवलं, पण राजेश्री बधली नाही.

विटा पुन्हा पाडल्या, घर उभं राहिलं. पावसाळा गेला, भिंतीला तडा नाही. वास्तुशांतीच्या दिवशी भागवतनं भट्टीत जुने टायर घातले. वारा तिच्याच घराकडं होता. पंगत काळ्या धुरात बसली, माणसं डोळे पुसत जेवली. वाढता वाढता राजेश्रीला रडू आलं, पण धुरात ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

दुसऱ्याच दिवशी तिनं तहसीलात अर्ज दिला. टायर जाळल्याबद्दल भागवतची भट्टी त्या हंगामापुरती बंद झाली.

आई भागवतकडंच राहते. लेकीच्या नव्या घरात तिनं अजून पाऊल ठेवलेलं नाही, आणि राजेश्रीनंही तिला ये म्हटलेलं नाही.