चकचकीत दुकानाचा पंचनामा

न्हाव्याला घाण सहन होत नसे. गल्लीत ही त्याची ख्याती होती आणि बायकोच्या मते हाच त्याचा रोग. नदीचं पाणी खालच्या गल्लीत शिरलं, त्याच्या दुकानात कमरेइतकं चढलं आणि ओसरलं. बाकीचे डोक्याला हात लावून बसले, तेव्हा हा बादली घेऊन कामाला लागला. गाळ उपसला, फरशी घासली, आरसे पुसले, भिंतींना चुना फासला. शेजारचा किराणावाला मात्र पोचलेला. पंचनाम्याचा कारकून येईपर्यंत तो आपल्या गाळावर रोज पाणी शिंपडत होता, सुकू नये म्हणून.

कारकून आला, किराणावाल्याकडे पुरेसा हळहळला आणि न्हाव्याच्या दारात थबकला.

"इथे पूर आला होता?"

"आला होता," न्हावी म्हणाला. "पाय पुसून आत या."

बायकोने कपाळावर हात मारला. दुकानाचा सगळा जीव त्या एका खुर्चीत होता. पायाने दाबली की वर जाणारी, वळणारी, मागे कलणारी. तिच्या खांबात पाणी गेलं होतं आणि नवी घ्यायची ऐपत नव्हती. भरपाई नाही तर दुकान नाही, इतकं सरळ.

"नुकसान दिसतच नाही, तर लिहू काय?" कारकून म्हणाला. "खुर्ची तर लखलखतेय."

"बसून बघा की भाऊ," बायको म्हणाली. "दाढीही वाढलीय तुमची."

कारकून बसला. न्हाव्याने खुर्ची वर घेतली, साबण लावला. तोंडाला साबण लागला की माणसाला मतं सुचतात.

"खरं सांगू का वहिनी? नदीकाठी राहायचं तुम्ही आणि भुर्दंड सोसायचा सगळ्यांनी, हे काही पटत नाही."

"तुम्ही कुठे राहता?"

"पलीकडच्या काठावर. आमच्याकडे भिंत आहे."

"कोणाच्या पैशांनी बांधली?"

"सरकारच्या."

"म्हणजे आमचाही कर आहे त्यात. तिला धडकून पाणी इकडे वळलं. भिंतीचा खर्च सगळ्यांचा आणि पाणी तेवढं आमचं, होय?"

आरशातला कारकुनाचा चेहरा मघापासून खाली खाली चालला होता. खुर्ची हूं की चूं न करता खचत होती. अर्धी दाढी उतरली तोवर आरशाखालच्या फळीशी त्याची हनुवटी आली.

"हं," न्हावी वस्तरा सावरत म्हणाला, "पाणी इथपर्यंत होतं."

खांबाच्या बुडातून गढूळ तेल फरशीवर पसरलं. न्हाव्याचा हात आपोआप फडक्याकडे गेला. फडक्यावर बायकोचा पाय होता.

"आधी फोटो," ती म्हणाली.

कारकुनाने अर्ध्या दाढीनिशी उठून फोटो काढला. लिहिलं : खुर्ची एक, निकामी.

"आता भिंतीचं लिहा."

"त्याला रकाना नाही, वहिनी."

बायकोने नवऱ्याकडे पाहिलं. अर्धी दाढी त्याला आयुष्यात कधी बघवली नव्हती. तरी त्याने वस्तरा मिटला आणि खिशात ठेवला.

कारकुनाने आरशात एकदा स्वतःकडे पाहिलं, कागद उलटा केला आणि कोऱ्या बाजूला लिहायला घेतलं.