एकोणतिसावा

सोलापुरात आमच्या पेठेतले लेझीम मास्तर माणसं मोजतात ती बाजारात शेळ्या मोजाव्यात तशी, प्रत्येकाच्या टाळक्यावर टपली मारत. चोवीस, तीस असा आकडा आला की स्वारी खूश, कारण सारख्या रांगा पडतात. तेवीस निघाले की तोंड कडू. ‘‘ही मूळ संख्या लई माजोरी. कशानंच भाग जात न्हाय,’’ असं म्हणत एकाला बाहेर काढतात. तो एक नेहमी मीच, कारण माझे पाय ढोलाचं ऐकत नाहीत.

यंदा मिरवणुकीला आम्ही अठ्ठावीस जमलो. सात-सातच्या चार रांगा पडल्या आणि चक्क मीही आत होतो. तेवढ्यात मंडळाचे अध्यक्ष व्हिडिओवाल्याला घेऊन आले आणि लेझीम मागू लागले.

‘‘एकोणतीस!’’ मास्तर खेकसले. मी सवयीनं फेटा सोडायला लागलो.

‘‘तू कुटं चाललास रे? अध्यक्ष, तुमी झेंडा धरा की. तुमच्यामुळं आकडा बिघडतोय.’’

अध्यक्षांनी निमूट झेंडा धरला. मी मिरवणूकभर चुकत नाचलो आणि मास्तरांनी माझ्या सात पिढ्या उद्धरल्या.

घरी फेटा उतरवताना डोक्यात प्रकाश पडला. अध्यक्षांना घेऊन मला काढलं असतं, तरी अठ्ठावीसच उरले असते.