सापकाकांचा फुत्कार

अ‍ॅडर जातीच्या विषारी सापाला मी चालायच्या काठीने ढोसलं.

नॉटिंगहॅमच्या आम्हा मराठी मंडळींची सहल हीथच्या माळरानावर गेली होती. वाटेच्या कडेला वेटोळं घालून तो उन्हात पडलेला. मला बघून फुसफुसला. मला वाटलं, हा आता अंगावर येणार. चारचौघांदेखत आपण शौर्य दाखवायला हवं. शौर्याचं फळ माझ्या अंगठ्याला मिळालं.

तेव्हा गर्दीतून पुढे आले ते सापकाका. निवृत्त डॉक्टर. तरुणपणी कोकणातल्या सरकारी दवाखान्यात सर्पदंशाचे पेशंट सांभाळलेले, नंतरची सगळी नोकरी इथल्या हॉस्पिटलांत. त्यांनी आधी लोकांना हटवून सापाला वाट करून दिली, मग माझ्याकडे वळले. "हात हलवू नकोस. तोंडही." अँब्युलन्समध्ये माझ्याशेजारी तेच बसले. संध्याकाळपर्यंत सूज चढली नाही, तेव्हा वॉर्डात म्हणाले, "कोरडा चावा आहे. विष जेवणासाठी असतं रे. तू काही गिळण्यासारखा नाहीस, मग तुझ्यावर कशाला वाया घालवेल? प्रत्येक वेळी असं नशीब नसतं हां."

तेव्हापासून शनिवारचा चहा त्यांच्याकडे. काकू आलं किसायच्या आणि काका साप काढायचे. "घोणस कुकरसारखी शिट्टी देते. आपल्याला वाटतं, चिडली. ती सांगत असते, बाबा, मला भीती वाटतेय, लांब हो. शिकारीला बसलेला साप ब्र काढत नाही. उंदराला डसतो, सोडून देतो आणि मग जीभ हलवत सावकाश त्याच्या मागावर जातो. राग नाही, घाई नाही."

हे शास्त्र ते माणसांनाही लावत. ऑफिसात माझा मॅनेजर माझ्यावर सगळ्यांसमोर ओरडला, म्हणून मी रडगाणं घेऊन गेलो. काका म्हणाले, "ओरडला ना? मग त्याचीच नोकरी धोक्यात असेल. गोड कोण बोलतंय ते बघ." गोड बोलत होत्या एचआरच्या बाई, माझ्या मुलीची चौकशी करायच्या, बिस्किटं पुढे करायच्या. महिन्याभरात त्यांनीच हसतमुखाने मला आणि मॅनेजरला रिडंडन्सीची, म्हणजे नोकरी गेल्याची, पत्रं दिली. व्हिसा वाचवायला मी दारोदार फिरलो, आणि मॅनेजरने माझ्यासाठी चार ठिकाणी शब्द टाकला.

मागच्या हिवाळ्यात काकांना पोटाचा कॅन्सर निघाला. उशिरा कळलं. स्वतः डॉक्टर असून त्यांना काही जाणवलं नव्हतं. "आवाज केला नाही त्याने," एवढंच म्हणाले.

मी साबुदाण्याच्या खिचडीचा डबा घेऊन गेलो. काका खिडकीपाशी खुर्चीत, मांडीवर दोन ब्लँकेटं, मनगटं काटकुळी. काकू त्यांचा शर्ट बदलत होत्या. मला बघताच ते कडाडले, "कोणी बोलावलं तुला? तमाशा आहे का इथे? डबा उचल आणि चालता हो!" चमचा फेकला. तो मला लागला नाही, बराच लांब पडला.

मला राग आला. एवढ्या वर्षांची माया आणि हा सत्कार? डबा घरी आणला आणि चिडून सगळी खिचडी मीच खाल्ली. पुढचा शनिवार गेलो नाही. मग त्याच्या पुढचाही. बायको म्हणाली, "एक फोन तरी कर." मी म्हटलं, "त्यांनीच हाकललंय, आता त्यांनीच बोलवावं." असे सहा शनिवार गेले. सातव्या आठवड्यात काकूंचा फोन आला, क्रेमेटोरियममधल्या अंत्यविधीची वेळ सांगायला.

तिथे अर्ध्या तासाचा स्लॉट होता. बाहेर पुढच्या कुटुंबाची गाडी येऊन थांबली होती. मी काकूंना कसंबसं म्हटलं, "काकू, ते माझ्यावर फार रागावले होते ना? म्हणून आलो नाही."

काकूंनी चष्मा पुसला. "रागावले? उघड्या अंगाने दिसले तुला, भेदरले होते ते. दर शनिवारी दुपारी तीनला दाराकडे बघायचे. म्हणायचे, 'येईल तो, त्याला सगळं शिकवलंय मी.'"

त्यांनी चष्मा लावला आणि माझ्याकडे नीट बघून म्हणाल्या, "मी त्यांना सांगत होते, तो नाही यायचा. पहिल्यापासून मठ्ठच आहे तो."