बाबा, जरा सरकता का

लोह्याला अप्पा वारले तेव्हा घरचं इंटरनेट बंद होतं, आणि परदेशातल्या भावाला शेवटचं दर्शन हवं होतं. आमच्या लिंगायत रीतीनं अप्पांना भिंतीला टेकवून बसवलं होतं. हार यायचे होते. वायरीवर नजर ठेवून आत आलेला इंटरनेटवाला त्यांना म्हणाला, "बाबा, जरा सरकता का? प्लग मागं हाय."

त्यानं वर पाहिलं. मग त्याच्या ध्यानात आलं. त्यानं मुकाट्यानं स्वयंपाकघरातून वायर ओढली आणि आधी मोडेम लावला. मामा घाई करत होते, पण मोडेमचा दिवा स्थिर होईपर्यंत त्यानं राउटरला हात लावला नाही.

"आधी ह्याला लाईन धरू द्या. न्हाईतर दर्शन अर्ध्यात तुटंल."

भाऊ फोनवर दिसला. इंटरनेटवाल्यानंच फोन अप्पांसमोर धरला.

"बसा बाबा, सरकू नका. लेक बघून राहिला."

दिवसभर सगळे अप्पांबद्दल बोलले. अप्पांशी तो एकटाच बोलला.