हुकाचं टोक

गुलाबराव रायपूरच्या तात्यापारा मोहल्ल्यात प्रेमलाच्या घरी पोचले ते गुडघे धरूनच. शिलाई मशीन दुरुस्त करण्यात त्यांचा जन्म गेला होता. पूर्वी अवजारांची पिशवी सायकलला अडकवून ते अख्खं शहर पालथं घालत. आता मुलगा विशाल स्कूटरवर सोडून जाई आणि जाताना न चुकता म्हणे, "बाबूजी, अब बस भी करो."

प्रेमला मंडपाचे पडदे शिवायची. नवरा गेल्यापासून घर त्या मोठ्या मशीनवरच चाललं होतं, आणि मशीन कालपासून टाके सोडत होती.

गुलाबरावांनी नवी सुई लावली, दोरा पुन्हा ओवला, बॉबिनखालचा कचरा फुंकला. चिंधीवर शिवून पाहिलं. चार टाके नीट, मग रिकामी जागा. दोऱ्याचा ताण कमी केला. तेच.

"काल सुई मोडली होती काय?"

"हव, काकाजी. जाड घडीत अडकली अन् मोडली."

"तवाच हुक सरकला असन."

त्यांनी मशीन मागे कलंडवली. सुईचा दोरा पकडणारा हुक खाली फिरतो. सुई तळाशी जाऊन जराशी वर उठली, की हुकाचं टोक तिच्या नाक्याच्या किंचित वर, अगदी लगत यायला हवं. सवयीचं काम. त्यांनी स्क्रू ढिले केले, चाक हातानं फिरवलं, डोळे बारीक केले. सुई धुरकट, टोक त्याहून धुरकट. अंदाजानं बसवलं, तर सुई हुकाला खर्रकन घासली. पुन्हा केलं. पुन्हा तेच.

त्यांनी पेचकस खाली ठेवला आणि ते स्टुलावर बसले.

"चहा मांडू काय, काकाजी?"

"नको." मग खाली बघत म्हणाले, "प्रेमला, मले दिसून नाही राहिलं. डॉक्टर म्हणते मोतीबिंदू आहे. घरी नाही सांगितलं. ऑपरेशनचं भेव वाटते."

पदराला हात पुसून प्रेमला मशीनशी वाकली. "सांगा, काय पाहू?"

"टोक कुठी आहे?"

"सुईच्या जरा मागं."

"हुक सरकव. हळू."

"आता आलं. नाक्याच्या वर, तांदळाच्या कणीएवढं."

"थांब, हलवू नको." त्यांनी चाचपत स्क्रू आवळले.

मशीन धावली. गुलाबरावांनी शिवणीवरून अंगठा फिरवला. टाका कुठंच तुटला नव्हता. आनंद व्हायला हवा होता, पण टोक पाहिलं होतं ते प्रेमलानं.

विशाल घ्यायला आला, तेव्हा प्रेमलानं त्याला सरळ सांगून टाकलं. तो दारातच थबकला.

"बाबूजी, बताया क्यों नहीं?"

"थकलो रे," एवढंच गुलाबराव म्हणाले.

विशालनं त्यांच्या हातातली पिशवी घेतली. "घर बाद में. पहले ऑपरेशन की तारीख लेकर आते हैं."

एरवी त्यांनी वाद घातला असता. आज ते मुकाट्यानं मागे बसले आणि मुलाचा खांदा घट्ट धरला.