कुंडीतली नाळ

नातीचं दुपटं बदलताना तिची सुकलेली नाळ गळून माझ्या हातात आली. लेकीच्या बाळंतपणासाठी मी अमेरिकेत आलेय. आमच्याकडे नाळ अंगणात पुरतात. ती जमीन मग जन्मभर त्या माणसाची.

मोठा चमचा घेऊन मी दाराबाहेरच्या हिरवळीकडे निघाले. टीव्हीवर वकील वाद घालत होते, बाहेरून आलेल्यांची इथे जन्मलेली मुलं इथली नागरिक की नाहीत? जावई ऐकत होते. नात त्यांच्या मांडीवर झोपली होती.

“आई, बाहेर नको,” लेक म्हणाली. “गॅलरीतल्या कुंडीत पूर.”

“कुंडीत कशाला?”

“उद्या जा म्हणाले, तर सोबत नेता येईल.”

एवढ्या मोठ्या देशात या जिवाला वीतभर माती, तीही उचलून न्यायची? पुदिन्याच्या मुळाशी नाळ ठेवून मी माती सारली. मग कुणी बघत नाही असं पाहून कुंडी उचलली.

मला एकटीला पेलली.